संध्याकाळची सोबत

मागच्या सोमवारी शिंप्याचा डावा पाय दुखत होता. आज तो उजवा शेकत बसला होता आणि टेबलावर तीन ताटं मांडून तयार होती.

धाकट्या फादरांच्या ते लगेच ध्यानात आलं. थोरले फादर मात्र त्या पायावर हात ठेवून मनापासून प्रार्थना करत होते.

"आलाच आहात तर दोन घास खाऊन जा," शिंपी म्हणाला आणि लंगडायचं विसरून तरातरा स्वयंपाकघरात गेला.

धाकटे या चर्चमध्ये येऊन दीड महिना झाला होता. सुरुवातीला ते आपलं ताट खोलीत नेत, दार लावून जेवत. निम्मं ताट तसंच परत येई. मग एक दिवस थोरले म्हणाले, "संध्याकाळ झाली की मला धड दिसत नाही रे. आजाऱ्यांकडे जाताना सोबत येत जा." तेव्हापासून रोजची फेरी सुरू झाली. रोज एक आजारी, रोज मांडलेली ताटं.

थोरल्यांना ठाऊक नव्हतं, की बिशपांनी धाकट्यांना एक काम सोपवलंय. म्हाताऱ्याला कारभार झेपतो का ते पाहून कळवायचं. नसेल झेपत, तर त्यांची रवानगी वृद्ध फादरांच्या विश्रांतिगृहात.

धाकटे शिंप्याच्या मागोमाग आत गेले. "पाय लवकर बरा झाला."

शिंपी ओशाळला. "त्यांना सांगू नका हं. त्यांची बहीण गेल्यापासून एकट्यानं त्यांना घास उतरत नाही म्हणे. म्हणून आम्ही पाळीपाळीनं आजारी पडतो. उद्या मास्तरीणबाईंना चक्कर यायचीय."

"आणि त्यांना कळत नाही?"

"त्यांना? भोळा माणूस हो."

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकट्यांनी पत्र लिहिलं. माणूस सोन्यासारखा आहे, पण नजर गेली आहे आणि समोरचं सोंगही ओळखू येत नाही. विश्रांती द्यावी. दिवेलागणीला पाकीट टपालात टाकायला द्यावं म्हणून ते स्वयंपाकघरात गेले. दोघा फादरांचा स्वयंपाक करणाऱ्या मावशी उसवलेला झगा शिवायला घेऊन बाहेर निघाल्या होत्या.

"मावशी, मोठ्या फादरांना एकट्यानं जेवण जात नाही ना?"

"कुणी सांगितलं? पुस्तकात डोकं घातलं की दोन ताटं संपवतील."

"सगळे तेच म्हणतात."

"म्हणणारच. मीच सांगितलंय घरोघर. सांगायला लावलं त्यांनीच." मावशींनी सुईदोऱ्याचा डबा काखेत मारला. "बायको गेल्यापासून शिंपी चहा-बिस्किटांवर दिवस काढत होता. मास्तरीणबाईंनी सहा महिने चूल पेटवली नव्हती. एकट्या जिवासाठी कोण रांधतंय? पाहुणा यायचा म्हटलं की रांधतात."

त्या व्हरांड्यात थोरल्यांशेजारी जाऊन बसल्या. पाकीट हातात घेऊन धाकटे त्यांच्या मागे दारापर्यंत आले.

बाहेर अंधारून आलं होतं. दिवा अजून लावलेला नव्हता.

"ही सुई मेली काही ओवत नाही," मावशी पुटपुटल्या.

"आणा इकडे," थोरले म्हणाले. चष्मा कपाळावर होता, तो तिथेच ठेवून त्यांनी पहिल्याच खेपेला दोरा ओवला आणि सुई मावशींच्या हातात दिली. मग धाकट्यांची चाहूल लागताच चाचपडत हात पुढे केला.

"धर रे बाबा. संध्याकाळचं मला काही दिसत नाही. चल लवकर, मास्तरीणबाईंना चक्कर यायची वेळ झाली."