शेवटचा दिसेपर्यंत

दोन वाटा फुटत होत्या तिथे टेलरमास्तर मोटरसायकल उभी करून थांबला होता. हेल्मेटचा पट्टा हनुवटीला घासत होता. कालच्या दाढीत वस्तरा लागला होता, त्यावर चिकटपट्टी होती आणि घामाने जखम चुरचुरत होती. पट्टी लहान मुलांची, निळीशार. केमिस्टने देताना काही विचारलं नव्हतं. मागितली एक, दिल्या तीन.

वाळूत मोटरसायकली फिरवणाऱ्या या पाच मित्रांचा नियम एकच. वाट फुटली की दुसऱ्या नंबरच्याने तिथे थांबायचं, हात वर धरायचा, आणि शेवटच्याने हात वर करून उत्तर दिल्याशिवाय हलायचं नाही. बारा वर्षांत वाळूत कुणी चुकलं नव्हतं, ते एवढ्यावरच. गॅरेजवाला, केमिस्ट आणि पोस्टमन वरच्या वाटेने सुरूच्या झाडांकडे गेले होते. खालची वाट खाडीच्या तोंडाशी उतरत होती. तिथली वाळू दिसायला कोरडी, आतून पाणी पाणी. भरतीही लागली होती.

राहिला होता फक्त वस्ताद. सलूनवाला, वस्तऱ्याचा वस्ताद, म्हणून हे नाव पडलेलं. एके काळी सगळ्यांच्या पुढे उधळणारा हा गडी दोन महिन्यांपासून शेपटाला राहत होता. विचारलं तर म्हणायचा, "तुमचा धुरळा खायची आवड लागलीय."

आवाज आला, मग गाडी दिसली. मास्तरने हात वर केला. त्याच्या अंगात पिवळाधमक टी-शर्ट होता, ऊन वस्तादच्या पाठीवर. वस्ताद चार हातांवरून गेला. मान सरळ, नजर सरळ. हात काही वर केला नाही, आणि बघता बघता खालच्या वाटेला लागला.

"अरे ए! वस्ताद!"

मास्तरने किक मारली. गाठेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. मागचं चाक निम्मं वाळूत गेलं होतं आणि वस्ताद ॲक्सिलरेटर पिळून पिळून त्याला आणखी खोल घालवत होता.

"बंद कर आधी! विहीर खणतोयस का?"

वस्तादने इंजिन बंद केलं. लाटेचं पातळ पाणी येऊन चाकाला शिवून परत गेलं.

"फाट्यावर कुणी नव्हतं रे," वस्ताद म्हणाला.

"मी होतो."

"मग ऊन डोळ्यांवर आलं असेल."

"ऊन तुझ्या पाठीवर होतं."

दोघांनी गाडी वाळूत आडवी केली, चाकाखालचा खड्डा हातांनी बुजवला, गाडी पुन्हा उभी करून ढकलत वर आणली. तोवर घोट्यांपर्यंत पाणी आलं होतं. कोरड्या वाळूवर दोघंही बसकण मारून धापा टाकत राहिले. मास्तरने हेल्मेट काढलं.

"किती दिसतं?"

वस्तादने तळव्यांची वाळू विजारीला पुसली. "धुकं आहे. दोन्ही डोळ्यांत. मोतीबिंदू म्हणाले, ऑपरेशन करा म्हणाले."

"मग कर ना! घोडं कुठे अडलंय?"

"दुकान बंद ठेवावं लागेल. का ते लोक विचारतील. ज्याला दिसत नाही त्याच्यापुढे गळा कोण धरेल, सांग? आणि माणूस एकदा दुसऱ्या खुर्चीत बसला की परत नाही रे येत. दोन पोरी शिकतायत माझ्या."

"आणि आत्ता दाढ्या कशा करतोस?"

"हाताला पाठ आहेत सगळ्यांच्या."

"माझी हनुवटी तेवढी पाठांतरातून राहिली म्हणायची."

वस्ताद दचकला. हात पुढे करून त्याने मास्तरची हनुवटी चाचपली. बोट पट्टीवर आलं आणि तिथेच थांबलं.

"लागलं होतं? बोलला का नाहीस?"

"तू शीळ घालत होतास. म्हटलं, कशाला मोडा." मास्तर उठून वाळू झटकू लागला. "गेली दोन वर्षं माझ्या सुईत दोरा बायको ओवून देते. गिऱ्हाइकाला कळतं का? चष्मा कर म्हणून ती बोंबलतेय. चल, तू ऑपरेशन कर, मी चष्मा करतो."

"बाकीच्यांना सांगू नकोस. शपथ आहे तुला."

"नाही सांगत. ऊठ."

मास्तर पुढे निघाला, पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालेल इतक्या बेताने. दर पंधरा-वीस हातांवर मान वळवून ओरडायचा, "उजवीकडे!" मागून "हो!" यायचं. "सरळ!" "हो!" पुढे पुढे तर त्याला सूर लागला, वस्तादही त्याच सुरात हो भरू लागला. वाट सरली तरी दोघांचं चालूच होतं.

सुरूखाली तिघं वाट बघत होते. मागून आलेल्या या दोघांच्या विजारी गुडघ्यांपर्यंत चिखलाने भरल्या होत्या. पोस्टमन ओरडला, "काय मास्तर, माप चुकलं?"

"चुकलं," मास्तर म्हणाला. "मी फाट्यावर थांबलोच नाही. नाश्ता माझ्याकडून."

गॅरेजवाल्याने काहीच विचारलं नाही. "वस्तादची गाडी जाताना माझ्या टेम्पोत टाकू," एवढंच म्हणाला. "भाऊ घेऊन आलाय. रिकामाच चाललाय."

बारा वर्षांत टेम्पो कधी आला नव्हता.

थर्मास उघडला तशी तिघांनी तोंड झाकणारी हेल्मेटं काढली. मास्तर कप हातात धरून बघत राहिला. पोस्टमनच्या हनुवटीवर एक निळी पट्टी होती. गॅरेजवाल्याला दोन होत्या, एक कानाखाली. केमिस्टने स्वतःच्या ओठाखाली लावली होती, ती चहाच्या वाफेने सुटत होती, आणि तो ती अंगठ्याने पुन्हा दाबून बसवत होता.

वस्तादने चाचपडत मास्तरचं कोपर धरलं आणि हळूच विचारलं, "कुणाला बोलला नाहीस ना?"

"नाही," मास्तर म्हणाला. "बोलायला कुणी उरलंच नाही."