ट्रेबल सहा

“नाही,” बाई म्हणाल्या. “ह्याला दात आहेत.”

दुकानदाराने गिटारच्या तारांवर तळवा ठेवून आवाज थांबवला. सकाळपासून गिटारला जोडून बघितलेला हा तिसरा अँप. पहिला फारच स्वच्छ निघाला, जणू इस्त्री करून आणलेला. दुसरा नुसता भुंकत होता. हा तिसरा जुना, व्हॉल्व्हचा, बारा इंची स्पीकरचा. तापायलाच त्याने पाच मिनिटं घेतली. जुन्या रॉकचा आवाज हवा म्हणून हट्टाला पेटलेली माणसं ह्याच्यापाशी येऊन गप्प होतात, असा दुकानदाराचा अनुभव.

बाई गप्प झाल्या नाहीत.

“काकू, ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, सहावर आहे. कमी करून बघू.”

ट्रेबल चार.

“अजून चावतोय.”

ट्रेबल दोन.

“आता तोंडावर उशी दाबल्यासारखा झाला. ह्यांचा तसा नव्हता हो. ह्यांचा गरम होता, गोल. म्हणजे कसा, की...”

वाक्य तिथेच राहिलं. हल्ली बाईंची बरीच वाक्यं तिथेच राहत. पुरी करायला समोर कोणी नसे.

गिटार ह्यांची. अँप मात्र ह्यांच्या मित्राचा होता. हे गेल्यावर महिन्याभराने मित्र आला, दहा वेळा माफी मागून तो घेऊन गेला. त्या दिवसापासून घरात फ्रिजचा आवाज ऐकू येऊ लागला. बाईंनी चोपन्नाव्या वर्षी गिटारची शिकवणी लावली. बोटांच्या टोकांना घट्टे पडले. ह्यांचं एक लाडकं वळण होतं, सात-आठ सुरांचं. रोजचं वाजवून झालं की शेवटी हमखास यायचं. बाईंना तेवढंच शिकायचं होतं, आणि ते आलंही. सूर तेच. आवाज परक्याचा.

आईने नवीन खूळ घेतलंय, असं मुलगी जावयाशी बोलल्याचं बाईंच्या कानावर होतं. विकून टाक ती गिटार, कुलूप लाव आणि इकडे ये, हे तर ती रोजच म्हणे. काल बाईंनी तिला शब्द दिला होता. उद्या शेवटचं बघते. नाही सापडला, तर येते.

“काकू, रागावू नका,” दुकानदार म्हणाला. “माणसाचा आवाज अर्धा बोटांत असतो. अँप तरी किती करणार?”

“बोटं कुठून आणू?”

ह्यावर दुकानदार उगाच केबल पुसत बसला. मग त्याने बाईंना ते वळण गुणगुणायला सांगितलं. बाई लाजल्या, पण गुणगुणल्या.

फोन वाजला. मुलगीच होती. बाई उठून बाहेर पॅसेजमध्ये गेल्या. त्यांच्यामागे वाजवून बघायच्या खोलीचं जाड दार आपलं आपण लागलं.

“मिळाला का गं?”

“नाही.”

“मग काढू तिकीट? आई?”

काढ, असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं.

ट्रेबल सहा.

आणि पलीकडे हे वाजवू लागले.

तेच. गरम, गोल, बिनदातांचं. ते वळण वर चढलं, जरासं फाटलं, खाली आलं. पॅसेजमध्ये एक झाडू होता, बादली होती, रिकामी खोकी होती. बाईंचा उजवा हात हवेतच गॅस बंद करायला पुढे गेला. हे वळण आलं की त्या कढत दूधसुद्धा अर्ध्यावर बंद करायच्या, उकळीच्या आवाजात एखादा सूर जाऊ नये म्हणून.

त्यांनी दार ढकललं.

“कुठला लावलात हा?”

दुकानदार चपापला. गिटार त्याच्याच मांडीवर होती. “तोच की, तुम्ही नको म्हटलेला. तुमचं ते गाणं सहज वाजवून बघत होतो. ट्रेबल परत सहावर नेलं. मला आपला असाच मोकळा आवडतो.”

“हा नाही. बाहेर आला तो.”

दुकानदाराने बाईंकडे पाहिलं, मग दाराकडे.

“बाहेर तुम्ही दारातून ऐकलंत, काकू. वरचे सूर दार खाऊन टाकतं. जो आत बसून वाजवतो त्याला हा असाच ऐकू येतो, दातांसकट. घरी तुम्ही कुठून ऐकायचात?”

“स्वयंपाकघरातून.”

“आणि काका?”

“आतल्या खोलीत. दार लावून.”

“नेहमी?”

हातातल्या फोनमध्ये मुलगी आई, आई करत होती. “नंतर करते,” म्हणून त्यांनी तो बंद केला. एक स्टूल ओढलं आणि स्पीकरसमोर बसल्या, गुडघे जाळीला टेकतील इतक्या जवळ.

“वाजवा.”

“कानाला लागेल हं.”

“लागू दे.”

गिऱ्हाइकाला त्रास नको म्हणून दुकानदाराने सवयीने दाराकडे हात नेला.

“राहू द्या उघडं,” बाई म्हणाल्या. “डोकं दुखत होतं, म्हणून ह्यांना दार लावा म्हटलं होतं मी. एकच दिवस. लग्नाच्या पहिल्या वर्षी.”