कोरं खाचर

"तिथलं नका घेऊ, बाई."

कोपऱ्यावर वाकलेल्या फंग बाईंचा विळा थांबला. त्यांनी मागे वळून पाहिलं. रुइलान बांधावर उभी होती.

खाचरातलं पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी चटईएवढ्या जागेतलं भात आधीच कापून नेलेलं होतं. फंग बाईंनी तिथल्या ओल्या मातीत बोटं खुपसली. लाल मातीत काळे कण मिसळलेले होते.

"काकू, हे काय?"

नदीच्या वरच्या अंगाचा धातूचा कारखाना बंद पडून वर्षं झाली होती, पण त्यातलं कॅडमियमचं विष इथल्या मातीत मुरलं होतं आणि तिथून तांदळात उतरत होतं. पिकलेला तांदूळ सरकारी ट्रक उचलून नेई. खायला लोक विकतचा आणत. मग विद्यापीठातून फंग बाई आल्या, तुसाच्या कोळशाची पोती घेऊन. लोखंडाच्या क्षाराचं पाणी पाजून भाजलेला हा कोळसा विष मातीतच धरून ठेवतो, पिकाला देत नाही, असं त्यांचं म्हणणं. दहा खाचरांत त्यांनी तो मिसळला. अकरावं मुद्दाम कोरं ठेवलं, तुलनेला. कोणाचं ते ठरवायला चिठ्ठ्या काढल्या, आणि ती चिठ्ठी रुइलानच्या हाताला लागली.

"वहिनींचं नशीबच कोरं," शेजारचा त्सेंग म्हणाला होता. सगळे हसले होते. तीही हसली होती.

त्याला तीन वर्षं झाली. आजचे नमुने शेवटचे.

"गोदामात सांडलेला कोळसा झाडून आणला," रुइलान म्हणाली. "दोन टोपल्या. यंदा लावणीच्या आधी घातला. तेवढ्या कोपऱ्यातच, बाई. पुढे हात नाही लावला."

"पण का? हे खाचर बिघडलं तर त्या दहांचं काहीच सिद्ध होत नाही. किती वेळा सांगितलं होतं मी! सगळ्या गावाचं काम आहे हे."

"कळतं मला. म्हणून तर आज तोंड उघडलं."

फंग बाई विळा बाजूला ठेवून बांधावर बसल्या. जरा वेळाने रुइलानही बसली.

"आमचा म्हातारा अंथरुणाला खिळलाय," ती म्हणाली. "विकतचा भात पुढ्यात ठेवला की म्हणतो, हा भात की खळ? उत्तरेकडच्यांनी खावा असला चिकट. मरायच्या आधी आपल्या खाचरातला एक वाडगा घाल म्हणतो. रोज तेच. म्हटलं, घालायचाच तर निदान कोळशाच्या मातीतला घालावा."

"घातलात?"

"परवा."

"तपासायच्या आधी?"

"तुम्हीच सांगितलंत ना, वीस-वीस वर्षं साठतं तेव्हा हे विष हाडं खातं. त्याला आता वीस वर्षं कुठून आणू?"

फंग बाईंना रागावायचं होतं. ते जमेना.

"काय म्हणाले मग?"

"आंबवलेल्या मिरच्यांबरोबर वाडगा पुसून खाल्ला. वर मलाच म्हणतो, यंदा खाचराचं पाणी जरा लवकर तोडलंस."

फंग बाई हसल्या. मग उठल्या, कोपऱ्यापासून दहा पावलं मोजून त्यांनी दोरी बांधली. दोरीच्या अलीकडचे नमुने वेगळे, पलीकडचे वेगळे. पिशवीवर लिहिताना त्या म्हणाल्या, "हे लपवता येणार नाही, काकू. अहवालात लिहावं लागेल."

"लिहा. नाव घाला माझं. तान रुइलान."

निकाल महिन्याभराने आले. कोपरा पाणी बाहेर जाण्याच्या तोंडाशी होता, त्यामुळे कोळसा आत पसरला नाही आणि बाकीचं खाचर कोरंच राहिलं होतं. दोरीपलीकडचा तांदूळ मर्यादेच्या तिप्पट विषारी निघाला, म्हणजे निघायला हवा होता तसा. कोळशाच्या दहांपैकी आठ खाचरं पास झाली, त्यांत त्सेंगचं सगळ्यांत चांगलं. कोपराही पास, जेमतेम. फंग बाईंनी ते फोनवर घाईघाईने सांगितलं, काकांना सांगा म्हणाल्या.

"सांगते," रुइलान म्हणाली. म्हातारा जाऊन तेव्हा आठ दिवस झाले होते.

वसंतात गावाची बैठक भरली. आता सगळ्याच खाचरांत कोळसा पडणार होता. नावं लिहून द्यायला झुंबड उडाली. ती ओसरल्यावर फंग बाई म्हणाल्या, "पुढची तीन वर्षंही एक खाचर कोरं लागेल. चिठ्ठ्या काढूया."

पुढे आलेले मागे सरकले. रुइलानने हात वर केला.

"चिठ्ठ्या कशाला? माझं आहे की."

"तुमची पाळी झाली, काकू. आता दुसऱ्या कुणाची तरी."

"दुसऱ्यांच्या घरी खाणारी तोंडं आहेत. मला एकटीला असं किती लागतंय? खाईन विकतचा."

त्सेंग आपल्या चिखलाच्या बुटांकडे बघत होता.

"विकतचा कशाला?" तो मान वर न करता म्हणाला. "माझ्या खाचरात पिकतोय की, वहिनी."