घरचं बीपी

"घरी बीपी कधी मोजलं नव्हतं का, सर?"

डॉक्टरने सहज विचारलं. आवाजात आरोप नव्हता, उलट अदबच होती. काही वर्षांपूर्वी तो प्राध्यापकांच्याच प्रयोगशाळेत शिकत होता. शेजारच्या खुर्चीत प्राध्यापकांची बायको बसली होती. तिच्या दंडावर बीपीचा पट्टा आवळल्याचा वळ अजून दिसत होता. तिच्या दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्या आहेत, हे डॉक्टरने नुकतंच सांगितलं होतं. रक्तदाब वाढलेला होता, आजकालचा नव्हे, फार वर्षांचा. तो कुणाच्या लक्षात आला नाही आणि त्याने आतल्या आत किडन्या पोखरल्या. आता डायलिसिसशिवाय गत्यंतर नव्हतं.

प्राध्यापकांना उत्तर द्यायचं होतं. त्यांना दुःख होत नव्हतं, भीतीही वाटत नव्हती. दात काढण्याआधी इंजेक्शन दिल्यावर जबडा परक्याचा वाटतो, तसं सगळं अंगच परक्याचं झालं होतं. टेबलावर किडनीचं प्लास्टिकचं मॉडेल होतं, अर्धं उघडलेलं. ते त्याच्याकडे बघत राहिले. त्यातल्या एकेका नळीचं नाव त्यांना तोंडपाठ होतं.

सारी हयात त्यांनी याच एका विषयात घातली होती. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं, अगदी नखभर. तो वाहिनीला सैल पडायला सांगतो. तो कमी पडला की वाहिन्या आवळल्या जातात, दाब चढतो आणि किडनीतल्या बारीक गाळण्या एकेक करून कामातून जातात. प्राध्यापक हे उंदरांवर दाखवत. औषध देऊन वायू रोखायचा आणि उंदराच्या शेपटीला इवलासा पट्टा बांधून रोज दाब बघायचा. उंदीर घाबरलेला असला की आकडा खोटा येतो, म्हणून ते आधी त्याला तळहातावर घेत, पाठीवरून बोट फिरवत, शांत करत. नव्या विद्यार्थ्यांना बजावत, "वरून उंदीर धडधाकटच दिसणार. त्यावर जाऊ नका. मोजा." या डॉक्टरलाही त्यांनीच ते शिकवलं होतं.

घरी बायको म्हणायची, डोकं चढलंय. ते म्हणायचे, चष्म्याचा नंबर बदलला असेल. ती म्हणायची, पाय सुजलेत. ते म्हणायचे, उभी किती राहतेस. वाद नव्हता, भांडण नव्हतं. संसार सुरळीत चालला होता. तिच्या दंडाला मात्र त्यांनी कधी पट्टा बांधला नव्हता.

"सर?" डॉक्टरने पुन्हा हाक मारली.

"मोजायचे की," बायको म्हणाली. "दर रविवारी. चहा झाला की पट्टा घेऊन बसायचे. गोळ्याही आणून दिल्या होत्या. मलाच मेला कंटाळा. घेते म्हणायची आणि द्यायची टाकून."

तिने हे इतकं सहज सांगितलं, की क्षणभर प्राध्यापकांनाही ते रविवार आठवल्यासारखे झाले.

डॉक्टरने कपाळाला हात लावला. "काय हे काकू, घरात एवढा जाणता माणूस असून?"

"चुकलंच," ती म्हणाली.

मग डॉक्टरने पुढचं सगळं समजावलं. कुठल्या वारी यायचं, काय खायचं नाही, पाणी किती प्यायचं. ती लक्ष देऊन ऐकत होती. प्राध्यापक मान हलवत होते.

बाहेर लिफ्टसमोर दोघं थांबली. लिफ्ट कुठेतरी वरच अडकली होती. शेजारून एक रिकामी चाकाची खुर्ची ढकलत कुणी गेलं. प्राध्यापकांच्या छातीत काहीतरी किंचित हललं. हिने आपली लाज राखली, असं त्यांना वाटलं. तिच्या हातातली पिशवी घ्यायला त्यांनी हात पुढे केला. तिने ती दुसऱ्या हातात घेतली.

"माझ्यासाठी खोटं बोललीस," ते हळूच म्हणाले.

"तुमच्यासाठी नाही हो." ती लिफ्टच्या बंद दाराकडेच बघत होती. "आता जन्मभर त्या पोरापुढे हात पुढे करायचाय मला. गोळ्या टाकून देणारी हट्टी बाई म्हणून करीन. जिच्याकडे घरात कुणी कधी बघितलंच नाही, अशी बाई म्हणून नाही करणार."