कोरी नळी

डीएनएतले ठरावीक तुकडे किती वेळा पुन्हा येतात, ते मोजून बेवारस हाडांना नाव देणं हे तंत्रज्ञबाईंचं काम. दर खेपेला एक नळी कोरी ठेवायची, नुसत्या पाण्याची. तिचा आलेख सपाट आला की बाहेरचं काही मिसळलं नाही, काम चोख झालं.

एकदा त्या आलेखावर बारीक सुळके उठले. अख्ख्या एका माणसाचे.

"शिंकलं असेल कोणीतरी," साहेब हसले.

बाईंनी साहेबांसकट प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचे आकडे ताडून पाहिले. एकाचेही जुळेनात.

पुढे तेच सुळके पुन्हा आले, थोडे वाढलेले. मग आणखी वाढलेले. आणि तेही फक्त एका मावशींचा नमुना तपासणीला लागला की.

या मावशींचा मुलगा नऊ वर्षांपूर्वी घरातून गेला, तो परतलाच नव्हता. कुठे हाडं सापडली की त्या हट्टाने ताजा नमुना द्यायच्या आणि बाहेरच्या बाकावर त्याच्याबद्दल सांगत बसायच्या. "भारी शिस्तीचा. पाय पुसल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही."

आज बाईंनी कोऱ्या नळीचा आणि मावशींचा, दोन्ही आलेख शेजारी धरले. माणसाचे आकडे जोडीने येतात, एक आईकडून, एक बापाकडून; इथे प्रत्येक जोडीतला एक आकडा मावशींचा होता. पाण्यातलं माणूस त्यांचं लेकरू होतं, आणि त्याचे सुळके आता त्यांच्याइतकेच उंच होते.

बाई बाहेर आल्या. "मावशी, हीही हाडं त्याची नाहीत."

"नसणारच गं," म्हणत मावशी बाकावर सरकून बसल्या. शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

रस्त्याकडच्या बंद दारापलीकडे, पायपुसण्यावर, कोणीतरी सावकाश पाय पुसत होतं.