दोन बोटं माती

"दोन बोटं माती शे साहेब, खाले निस्ता मुरूम," झुलाल आबा म्हणाले आणि धोतराच्या सोग्याने त्यांनी कपाळ पुसलं. "दोन पोता जवारी व्हयनी ते आमनी दिवाई."

धुळ्याहून जमीन तपासायला आलेल्या टेंभेकर साहेबांनी मान डोलावली. त्यांचा शिपाई पुना गिरमिटाने जमिनीला भोक पाडत होता. वीतभर आत जाताच लोखंड खट्‌कन वाजलं. वाजणारच. जागा आबांनीच दाखवली होती. गेल्या साली गाडरस्त्यासाठी मुरूम टाकला होता, नेमकी तिथे. साहेबांना त्यांनी वरच्या बांधावरच धरून ठेवलं होतं, नदीकडे एक पाऊल टाकू दिलं नव्हतं. सरकारी माणसाला जमीन कशी दाखवावी हे पांझरेकाठच्यांनी आबांकडून शिकावं. चाळीस वर्षांत किती तलाठी आले, किती आणेवारीवाले आले. आबांच्या दोन बोटं मातीखाली कुणी गेला नव्हता. आबा मनातून खूश होते.

साहेबांनी वही मिटली. "बरं झालं आबा, माझं काम सोपं केलंत. या टेकडीवर दगडाची खाण व्हायची आहे. कंपनीने टेकडीबरोबर हा खालचा पट्टाही मागितलाय, थेट नदीपर्यंत. गाळाची, पाटाखालची जमीन असती तर मी ती वगळायला लावली असती. मुरूमच आहे म्हटल्यावर माझी हरकत नाही."

आबांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यांची बायको भागाबाई साहेबांसाठी पाण्याचा लोटा घेऊन बांध चढली होती. तिने सगळं ऐकलं. लोटा पुढे न करता तिने तो बाभळीखाली ठेवून दिला.

"थांबा साहेब," आबा म्हणाले. "मी खोटं बोलनू. सोनं शे हाई जमीन. बठ्ठा गहू पाटना पानीवर पिकस."

साहेब हसले. "खाणीचं नाव काढलं की सगळीकडची जमीन सोन्याची होते, आबा. तुमचं कुठलं खरं धरू?"

"खरं... आते खरं..." आबा चाचरले. खोटं बोलताना त्यांची जीभ कधी अशी अडखळली नव्हती. पुना गिरमिट खांद्यावर टाकून जीपकडे निघालासुद्धा.

भागाबाई त्याच्या आडवी आली. "यासनं ऐकू नका साहेब," ती म्हणाली. "सरकारी मानूस दिसना का यासना तोंडमा मुरूम येस. जमीनलेच इचारा."

आणि पुनाच्या खांद्यावरचं गिरमिट काढून घेऊन ती बांध उतरली, गव्हाच्या धसकटांतून तरातरा नदीच्या बाजूला चालू लागली. तिच्या मागे आबा, आबांच्या मागे गिरमिटाला जोडायचे गज सावरत पुना, आणि घड्याळाकडे बघत बघत साहेब.

शेताच्या मधोमध आबांनी गिरमिटाची मूठ स्वतः धरली. सत्तरीचा माणूस, पण घाण्याच्या बैलासारखा गोल फिरू लागला. पहिला गज गेला. काळी माती. पुनाने दुसरा जोडला. तोही गेला, काळीच. एव्हाना पाटाचं पाणी फिरवणारा लोटन फावडं टाकून धावत आला होता, शेजारच्या उसातले चार जण आले होते. "जोड, जोड," लोटन पुनाला म्हणत होता. तिसरा गज लोण्यात गेल्यासारखा गेला. वर आली ती तांबूस, मऊ, पिठासारखी.

आबांचा घाम मातीत पडत होता. जीव मुठीत होता. चाळीस वर्षं ज्याचं नाव घेतलं तो मुरूम आजच ओ देतो की काय!

चौथा गजही मुठीपर्यंत गेला. ओढून काढला तेव्हा त्याच्या टोकाला ओला गाळ होता आणि गाळात हरभऱ्याएवढा एक शंख. साहेबांनी तो तळहातावर घेतला, रुमालाने पुसला आणि बुटांची पर्वा न करता तिथेच ढेकळात बसले.

"नदीतला आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाजच बदलला होता. "इथून नदी वाहत होती. पुना, अजून एक गज."

"सरले, साहेब."

"अरेरे. मग खोली किती लिहू?"

"तुमना गज सरना साहेब, जमीन नही सरनी," आबा धापा टाकत म्हणाले. "तेच लिखा."

साहेबांनी वही मांडीवर घेतली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "नदीच्या गाळाची, पाटाखालची. खाणीतून वगळावी." लोटनने डोक्यावरची टोपी काढून हवेत उडवली. साहेबांनी हात वर केला. "एक रकाना राहिला. गहू एकरी किती होतो?"

आबांनी सवयीने मागे वळून पाहिलं, कुठे तलाठी तर नाही.

"सात पोता," ते हळूच म्हणाले.

भागाबाई त्यांच्याकडे नुसती बघत राहिली.

"नऊ."

ती तशीच बघत होती.

आबांनी एकदा नदीकडे पाहिलं, एकदा टेकडीकडे. मग छाती भरून, पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं ते म्हणाले, "बारा. लिखा साहेब, बारा."

भागाबाई बाभळीपर्यंत गेली आणि लोटा घेऊन आली. साहेबांनी हात पुढे केला होता, पण तिने तो आधी आबांना दिला.