आखूड आटे

वैजयंतीने चुकीचा डबा उचलला.

उल्हासराव दाराजवळच्या स्टुलावर बसले होते, उजवा हात मांडीवर सांभाळून. त्यांना तिथूनही दिसलं. डब्यावर सोनेरी अक्षरं चमकत होती आणि आतले स्पार्क प्लग त्यांच्या गाडीसाठी सरळसरळ लांब होते.

"हे छान दिसतात," ती काउंटरवरच्या ग्विनला म्हणाली. "हेच द्या चार."

छान दिसतात! प्लग काय दिवाणखान्यात मांडायचे होते? त्यांच्या जुन्या गाडीला आखूड आट्यांचे प्लग लागत. लांब आट्यांचा बसवला तर त्याचं टोक इंजिनात खाली उतरतं आणि गाडी सुरू करताच पिस्टन वर येऊन त्यावर आदळतो. संपलं इंजिन. वैजयंतीला हे ठाऊक नसणारच. पण ग्विनला? आठवडाभर कौन्सिलच्या फायली आणि शनिवारी कार्डिफमधलं हे ग्विनचं दुकान, असा उल्हासरावांचा वर्षानुवर्षांचा नेम. तो ग्विन आज पुस्तकात नंबरसुद्धा बघेना.

"उत्तम प्लग आहेत," तो म्हणाला. "बसवणार कोण?"

"मीच. जावयाने सांगितलंय कसे बसवायचे ते. घरी गेले की लगेच."

उल्हासरावांनी तोंड उघडलं. काही आलं नाही.

ऑगस्टपासून हे असंच चाललं होतं. २००३चा तो ऑगस्ट. वेल्समध्ये कधी नव्हे असा उकाडा. बागेत झाडांना पाणी घालता घालता उल्हासराव पक्षाघाताने कोसळले. पुढे पाय ताळ्यावर आला, हातही थोडा थोडा येत होता. वाचा मात्र गेली ती गेली. शब्द डोक्यात असायचे, अगदी स्वच्छ. जिभेपर्यंत येता येता कुठे विरून जायचे कोण जाणे. हॉस्पिटलमधली स्पीच थेरपिस्ट मोठी गोड मुलगी होती. मांजराचं चित्र दाखवायची, किटलीचं दाखवायची, हे काय म्हणून विचारायची. घरी वैजयंती तेच मराठीतून करायची. "अहो, हे काय आहे? सांगा ना. कप. क... क..."

सुरुवातीला त्यांनी जिवाच्या आकांताने प्रयत्न केला. मग मान फिरवायला लागले. कपाला काय म्हणतात ते हिला माहीत नव्हतं का? जे सगळ्यांना ठाऊक आहे तेच आपल्याला विचारायचं, आणि जमलं नाही की पाठीवर थोपटायचं! नाताळानंतर त्यांनी ओठ हलवणंही सोडून दिलं. "त्यांना येईल बोलता," थेरपिस्ट म्हणाली होती, "पण त्यांची इच्छाच दिसत नाही." त्या दिवशी वैजयंती कार पार्कमध्ये स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. उल्हासराव खिडकीबाहेर बघत राहिले.

आता गाडीही खोकायला लागली होती. दर सिग्नलला आचके द्यायची. आज सकाळी वैजयंतीने त्यांना कोट चढवला आणि म्हणाली, "चला, प्लग आणू. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण आणू."

आणि आता ती पर्स उघडत होती.

उल्हासराव काठी टेकत उठले. काउंटरपाशी जाऊन त्यांनी तिच्या कोटाची बाही ओढली.

"काय हो? पाणी हवंय?"

त्यांनी जोरजोरात मान हलवली.

"थंडी वाजतेय का? झालंच हं." ती पुन्हा ग्विनकडे वळली. "घाला पिशवीत."

ग्विनने डबा उचलला. ज्या इंजिनाचा एक एक नट त्यांनी स्वतःच्या हाताने घट्ट केला होता, ते इंजिन ही बाई घरी जाऊन फोडणार होती, तेही अगदी प्रेमाने. छातीतून काहीतरी वर सरकलं, घशात अडकलं, तिथून सुटलं.

"ना," ते म्हणाले. "ना... ही."

ग्विनचा हात तसाच थांबला. वैजयंती लगेच वळली नाही. वळली तेव्हा तिचा आवाज भलताच बारीक झाला होता.

"काय नाही? हे नकोत? मग कुठले हवेत? तुम्ही सांगितल्याशिवाय मला कसं कळणार?"

खरंच, कसं कळणार? इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणी त्यांना असं काही विचारत होतं, जे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. उल्हासरावांनी काउंटरची कड घट्ट धरली.

"आ... आख..." कपाळावर घाम आला. कुणी मधे बोललं नाही, कुणी शब्द पुरा करून दिला नाही. "आखूड," ते म्हणाले. "आखूड. आटे."

वैजयंतीने ग्विनला इंग्रजीत सांगितलं, "आखूड आट्यांचे हवेत म्हणतायत."

ग्विन शेल्फकडे गेलाच नाही. त्याने वाकून काउंटरखालून एक पिशवी काढली आणि उल्हासरावांपुढे ठेवली. आत चार प्लग होते. आखूड आट्यांचे.

"कालच काढून ठेवलेत, सर," तो म्हणाला. "मॅडमनी फोन करून नंबरसकट सांगितले होते. आज मी फक्त गप्प बसायचं, एवढंच ठरलं होतं."

उल्हासरावांनी बायकोकडे पाहिलं. ती पर्समध्ये काहीतरी शोधायचं सोंग करत होती. डोळे वाहत होते आणि हसू काही केल्या दाबलं जात नव्हतं.

"लबाड," उल्हासराव म्हणाले. एकदाही न अडखळता.